नात बांधणारा खलाशी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "नाना, तुम्ही सगळं आयुष्य क्रेनखाली काढलंत. काहीतरी थरारक लिहा. एखादी क्रेन पडली असेल, पट्टा तुटला असेल." मी म्हटलं, लिहितो. मग आठवडाभर आठवत बसलो. पंचाईत अशी झाली की माझ्यासमोर कधी क्रेन पडली नाही आणि जे ओझं उचललं ते जिथं ठेवायचं तिथंच ठेवलं. खलाशाचं काम नीट झालं की त्याची गोष्ट होत नाही. म्हणून संपादकांना न विचारता मी विषय बदललाय. मी बांधलेल्या सगळ्यांत अवघड ओझ्याबद्दल लिहितो. ते सहा किलोंचं होतं, आणि मी बांधत असताना ते माझ्या मिशा ओढत होतं.

आधी खलाशी म्हणजे काय ते सांगतो. आमच्या किनाऱ्यावरच्या गावात खलाशी म्हटलं की होडीवरचा माणूस. माझे वडील तसले खलाशी, आजोबाही तसलेच. मला होडीत बसलं की उलटी व्हायची. कोळ्याच्या घरात ही गोष्ट फार बोलून दाखवण्यासारखी नसते. म्हणून मी समुद्राला पाठ दाखवून तारापूरच्या कारखान्यांत शिरलो, तर तिथंही हुद्दा खलाशीच मिळाला. कारखान्यात जड यंत्रं उचलून हलवणाऱ्याला खलाशी म्हणतात. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसतो. खाली यंत्राला पट्टा कुठून घालायचा, साखळी कुठे अडकवायची, तोल कुठे आहे, हे बघून त्याला हातानं खुणा करतो तो खलाशी. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. दोन्ही हात आडवे पसरले की थांब. आणि थांबायची खूण कोणीही करावी, झाडूवाल्यानंही करावी, क्रेनवाल्यानं ती पाळलीच पाहिजे. बायकोच्या मते संसारात मी तेवढी एकच खूण शिकलो.

एकदा रसायन शिजवायची मोठी टाकी शेडच्या छपरावरून पलीकडे न्यायची होती. टाकीच्या एका अंगाला नळीचं जड तोंड होतं, त्यामुळे उचलताच ती माहेरच्या आठवणीनं मान वाकडी करावी तशी कलली. मी खाली घ्यायला लावली. मॅनेजरसाहेबांचे पाहुणे गाडीत बसून बघत होते. साहेब म्हणाले, "थोडीशी तर कललीय, जाऊ दे." मी हात पसरून उभा राहिलो. वर केबिनमध्ये मिश्रा होता. त्यानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. साहेब तीन भाषांत ओरडले. तिन्ही मला समजतात, पण हात खाली आले नाहीत. पट्टा सोडून परत बांधला, टाकी वीतभर उचलून तशीच लटकत ठेवली, चारी बाजूंनी बघितली आणि मग छपरावरून नेली. तेव्हापासून माझं नाव 'अडेल नाना' पडलं. माझ्या पगारवाढीवर त्याचा काय परिणाम झाला ते इथं लिहीत नाही, दिवाळी आहे.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे ते उपयोगी पडेल. माझ्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. मी खूण करायच्या आधीच एका नवख्या क्रेनवाल्यानं हूक उचलला आणि ती दोन बोटं साखळीत राहिली. मिश्रा नव्हता तो. मिश्रा असता तर आज माझ्या हातांना दहा बोटं असती आणि हा लेख जरा लवकर लिहून झाला असता.

आता ओझ्याकडे येतो. माझी मुलगी मनाली एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत आहे. औषधाची बॅच तयार झाली की नमुना तपासून पास की नापास ते ती लिहिते. तिनं नापास लिहिलं की सगळा माल अडकतो. हा स्वभाव कुठून आला, असं तिची आई माझ्याकडे बघून विचारते. बाळंतपणासाठी मनाली आमच्याकडे, बोईसरजवळच्या सरावलीला आली. कंपनी जवळ, म्हणून रजा संपल्यावरही इथंच राहून कामावर जायचं असं ठरलं होतं. सासर पालघरला. जावई निखिल वापीला नोकरी करतो, आठवड्याच्या सुट्टीला येतो.

सगळं व्यवस्थित ठरलं होतं. फक्त रेवाला कुणी विचारलं नव्हतं.

रेवा म्हणजे माझी नात. ती खाली ठेवली की रडायची. माझ्या बायकोनं, सुलभानं, आपलं जुनं लुगडं काढून झोळी टांगली. त्या झोळीत मनाली वाढली होती. रेवा झोळीत शांत पडायची, पण आपला हात तिच्या अंगावर आहे तोपर्यंतच. हात काढला की आळीतली कुत्री जागी होतील असा आवाज. डॉक्टर म्हणाले, बाळाला काहीही झालेलं नाही, काही बाळांना माणूस लागतं. माणूस म्हणजे कोण? सुलभाच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, तिला पाण्याची बादली उचलायलाही बंदी. मनालीची रजा संपत आलेली. आणि बाटली, वाटी, चमचा, सगळं रेवानं थुंकून बाद केलं होतं. वरच्या जेवणाची नुकती कुठे सुरुवात होणार होती.

पालघरहून विहीणबाईंचा रोज फोन यायचा. "मनाली, राजीनामा दे बाई. पोर मोठी झाली की दुसरी नोकरी मिळेल." मनाली रोज म्हणायची, "बघते, आई." तारापूरच्या कारखान्यांतून एकदा बाहेर पडलेल्या मुलीला दोन वर्षांनी कोण बोलावतं, ते मी गेटवर उभा राहून पाहिलेलं आहे. निखिल गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "मनू, तुला वाटेल तसं कर." म्हणजे आईला नाही म्हणायला नको आणि बायकोला हो म्हणायला नको.

मग एका दुपारी मनालीनं कपाटातून एक कापड काढलं. लांबच लांब, जाड विणीचं, निळं सुती कापड. मैत्रिणीनं भेट दिलेलं. त्यात बाळ अंगावर बांधतात म्हणे. फोनवर एका बाईंच्या शिकवणीला बसून ती गुपचूप शिकली होती आणि बांधून घरात फिरतही होती. मला वाटलं होतं ओढणी आहे.

"बाबा," ती म्हणाली, "रेवाला माणूस लागतं ना? घरात रिकामा माणूस एकच आहे."

सुलभा आतून म्हणाली, "रिकामा हाय खरा, पण माणूस हाय का ते बग."

मी कापड हातात घेतलं आणि सवयीनं त्याची तपासणी सुरू केली. कंपनीत पट्टा वापरायच्या आधी त्याच्या कडा बघायच्या, वीण कुठे सुटलीय का ते उजेडात धरून बघायचं, शिवण ओढून बघायची. हे कापड सरळ ओढलं तर जराही ताणत नव्हतं, तिरकं ओढलं तर मात्र किंचित द्यायचं. म्हणजे वजन धरेल, पण पाठीच्या गोलाईवरही नीट बसेल. ज्यानं विणलं त्याला ओझं कळत होतं. मी पास केलं. मनाली म्हणाली, "नशीब."

शिकवणी तांदळावर सुरू झाली. पिशवीत तांदूळ भरून त्याला रेवाचं टोपडं घातलं. पद्धत ऐकायला सोपी आहे. कापडाचा मध्य आपल्या छातीवर घ्यायचा. दोन्ही टोकं काखेखालून मागे न्यायची, पाठीवर एकमेकांवरून फिरवायची आणि खांद्यांवरून पुढे आणायची. छातीवर एक खिसा तयार होतो. बाळाला खांद्यावर घेऊन हळूच त्या खिशात उतरवायचं. कापड बाळाच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरलं पाहिजे. ढुंगण खाली आणि गुडघे वर, बेडूक बसतो तसं. मग खांद्यावरून आलेली टोकं बाळाच्या ढुंगणाखाली एकमेकांवरून घ्यायची, मांड्यांखालून मागे न्यायची आणि पाठीवर दुहेरी गाठ मारायची.

मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? आयुष्य बांधण्यात गेलंय. मी फटाफट बांधलं, गाठ आवळली आणि खलाशी ओझं बांधून झाल्यावर जे करतो तेच केलं. दोन पावलं मागे सरकलो आणि वर बघितलं. ओझं माझ्याबरोबर मागे आलं. सुलभा भाजी निवडायची सोडून पदर तोंडाला लावून बसली.

मनालीनं हसू दाबत तपासलं. "बाबा, तांदूळ तुमच्या पोटाखाली गेलाय."

"ओझं खालीच बरं. जमिनीजवळ असलं म्हणजे पडलं तरी..."

"पडायचंच नाहीये. इतकं वर घ्या की मान जरा वाकवली तर तिच्या डोक्याचा पापा घेता आला पाहिजे. खाली लोंबलं की बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडकतो. हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं गेली पाहिजेत. तोंडावर कापड नको. चेहरा कधीही बघितला तरी दिसला पाहिजे."

हे मी नीट ऐकलं. श्वासाचं म्हटल्यावर चेष्टा संपली. पण हात सवयीचे गुलाम. सगळं आयुष्य ओझं खाली ठेवण्यात गेलेलं, त्यामुळे मी दर वेळी तांदूळ खालीच बांधायचो आणि मनाली दर वेळी म्हणायची, "नापास."

दुसरी चूक गाठीची. आमच्या धंद्यात गाठीवर, कडीवर, हुकावर भरवसा. इथं गाठ सगळ्यांत शेवटी येते आणि तिला फारसं काम नसतं. ढिलाई आधीच काढून टाकावी लागते. कापडाची रुंदी एकदम ओढायची नाही. आधी मानेजवळची कड, मग मधला भाग, मग ढुंगणाखालची कड, असा एकेक पट्टा चिमटीत धरून ओढत जायचं. आणि माझी डावी पकड अर्धीच. कापड निसटायचं. एक टोक ओढावं तर दुसरं सैल. चिडून मी कापड फेकलं, टोपड्यासकट तांदूळ खाली पडला.

सुलभा म्हणाली, "गेली नात. आता भात टाकू का?"

शेवटी उपाय मनालीनंच दाखवला. एक टोक ओढून झालं की ते दोन्ही गुडघ्यांत घट्ट दाबून धरायचं आणि मग दुसरं ओढायचं. गुडघ्यांना बोटं लागत नाहीत. मी गुडघे आवळून, वाकून, जीभ बाहेर काढून ओढत होतो आणि अचानक तांदूळ माझ्या छातीला असा चिकटला की माझ्या श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागला. मनालीनं वरून बोट घालून बघितलं, खालून हात लावून बघितला, मला वाकायला लावलं. मग म्हणाली, "पास." कंपनीत मला इतकं मोठं प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं.

खरी रेवा बांधली त्या दिवशी ती धनुष्यासारखी मागे वाकली आणि किंचाळली. मी पुतळ्यासारखा उभा. ओझं झुलू द्यायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. मनाली ओरडली, "उभे काय राहिलात, चाला." मी चालायला लागलो. स्वयंपाकघरातून गॅलरी, गॅलरीतून स्वयंपाकघर. झुलणारं ओझं आमच्याकडे वैरी. इथं मात्र तेच औषध होतं. पाचव्या की सहाव्या फेरीला रेवानं माझ्या शर्टाची कॉलर तोंडात घेतली आणि झोपली. मी गॅलरीत उभा राहून हळूच माझा हात तिच्या पाठीवरून काढला. ती झोपलेलीच होती. माझे दोन्ही हात मोकळे होते. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी गॅलरीतले कपडे काढून घड्या घातल्या. सुलभानं ते पाहिलं आणि आतले कपडेही माझ्यापुढे आणून टाकले.

त्यानंतर आम्ही दोघं बाहेर पडायला लागलो. बोईसरच्या बाजारात आमच्या गावाकडच्या बायका मासे घेऊन बसतात. माझ्या आईला ओळखणाऱ्या. त्यांनी मला लांबूनच पकडलं.

"अगो, नाना बग. पोटाला काय बांदलाय?"

"नात हाय ती. बापासारका होडीवर नाय गेला, आता आयशीसारका पोर बांदून आला."

"नाना, दूद पण पाजतोस का रे?"

ओळीतल्या सगळ्या हसल्या. मी हलवा माशाच्या टोपलीसमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, "पोरगी आत्ता झोपलीय. उठली तर तुझ्या मांडीवर देऊन घरी जाईन. काय भाव तो हळू सांग." तिनं हळू सांगितला. मी हळू घासाघीस केली. शेजारचीनंही आवाज उतरवला. मासळी बाजारात सगळी ओळ कुजबुजत भांडतेय, असं दृश्य मी तरी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. उठताना ती हलवा विकणारी म्हातारी म्हणाली, "तुजी आय बगाय पायजे व्हती." टोमणा होता की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर कामगार मुलं राहतात. त्यातला एक म्हणाला, "चाचा, ये तो औरतों का काम है." मी म्हटलं, "बेटा, कंपनी में भी जिंदगीभर बाँधने का ही काम किया. तब किसी ने नहीं बोला." तो ओशाळला. नंतर त्यानं विचारलं, ये कपड़ा मिलता कहाँ है. त्याची बायको गावी बाळंत झाली होती.

मग विहीणबाई आल्या. रजेचा शेवटचा रविवार होता. निखिलही आला होता. दार मी उघडलं, छातीवर रेवा. विहीणबाईंनी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "नाना, हे काय? पोरीला बोचक्यासारखं बांधलंय. गुदमरेल ती."

निखिल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. मला राग आला नाही, कारण प्रश्न बरोबर होता. पट्टा तुटेल का असं विचारणाऱ्यावर खलाशानं कधी चिडू नये. मी त्यांना जवळ बोलावून रेवाचा चेहरा दाखवला, हनुवटीखालची जागा दाखवली. त्यांनी स्वतः बोटं घालून बघितली. मग त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर आली.

"आणि या हातानं तुम्ही बांधता? उद्या गाठ सुटली तर?"

सुलभा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "विहीणबाई, या हाताची दोन बोटं गेल्यापासून मी प्रत्येक गाठ दोनदा बघतो. दहा बोटंवाले एकदाच बघतात."

"लोक काय म्हणतील याचा तरी विचार करा. आजोबा पोर बांधून फिरतायत आणि आई कंपनीत."

"लोक म्हणून झालेत. मासळी बाजारापासून सुरुवात केली."

त्यांनी माझा नाद सोडला आणि मनालीकडे वळल्या. "तू सांग. दुपारच्या दुधाचं काय? पोर बाटली घेत नाही. दिवसभर उपाशी ठेवणार?"

मनाली रेवाचे कपडे घडी करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा जेवणाच्या सुट्टीत तिला कंपनीपाशी घेऊन येतील. मी बाहेर येऊन पाजीन. आई, मी उद्या जाणार आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर राजीनामा देईन. पण आधी जाणार आहे."

ते 'नाही जमलं तर' ऐकून मी पाठीवरची गाठ परत एकदा चाचपली. म्हणजे सगळं ओझं आता खरोखरच माझ्या अंगावर. विहीणबाईंनी चहा घेतला. निखिल जन्मल्यावर त्यांनी शाळेतली नोकरी सोडली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, तेही त्यांच्या तोंडून नाही, निखिलनं जिन्यात सांगितलं. निघताना त्या रेवाच्या पावलाला हात लावून एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी बांधून घेणारं कुणी नव्हतं."

सोमवारी छत्री घेऊन, रेवाला बांधून, मी सरावलीहून चालत निघालो. कंपनीच्या गेटसमोर पोचलो तर सुरक्षा अधिकारी बाहेर आला. नवा मुलगा, कडक इस्त्री, हातात वॉकी-टॉकी.

"काका, इथं थांबता येणार नाही. लहान मूल आहे, हा धोक्याचा विभाग आहे."

"आतला धोका मला माहीत आहे. दोन बोटं आत ठेवून आलोय. मी आत येत नाही."

"गेटसमोरही नको."

त्याचंही चुकत नव्हतं. मी मागे सरकत कुंभवलीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीपाशी झाडाखाली गेलो. "इथं?" तो जरा विचारात पडला. "तिथं आमचं काही नाही," असं म्हणाला आणि आत गेला. टपरीवाल्या बाईनं ताडपत्रीमागचं बाकडं पुसून ठेवलं.

सुट्टीचा भोंगा झाला. कामगार बाहेर आले. मनाली आली नाही. रेवा जागी झाली, तिनं तोंड फिरवून माझ्या शर्टावर शोधलं, तिथं काही सापडलं नाही, आणि तिनं सूर लावला. मी चालायला लागलो. टपरी ते कोपरा, कोपरा ते टपरी. ती मागे वाकून जोर करायची आणि प्रत्येक जोराबरोबर कापड सैल व्हायचं. डबे खाणारे कामगार घास हातात धरून बघायला लागले. कंपनीचा वॉचमन गेटवरून म्हणाला, "चाचा, अंदर फोन लगा दूँ?"

मी थांबलो. फोन केला असता तर मनाली धावत आली असती. पण कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत निरोप गेला असता की बाळ रडतंय, या. तिच्या साहेबांना जे ऐकायची भीती होती तेच त्यांच्या कानावर गेलं असतं. रेवाचा आवाज एका बाजूनं आणि मनालीची नोकरी दुसऱ्या बाजूनं, आणि मधे मी घामानं ओला. "रुक," मी म्हटलं. "पहले बाँधने दे."

भर रस्त्यात गाठ सोडली. रेवाला खांद्यावर घेतलं, एक टोक गुडघ्यांत दाबलं. तेवढ्यात रस्त्यानं एक हायड्रा, म्हणजे चाकांवरची लहान क्रेन, घरघरत आली आणि थांबली. केबिनमध्ये मिश्रा. अजून काम करतो. त्यानं इंजिन बंद केलं, खाली वाकून माझ्याकडे नीट बघितलं आणि एक बोट वर करून हळूहळू गोल फिरवलं. "नाना, माल नीचे है. ऊपर लो."

कामगार खदखदून हसले. पण मिश्राचं बरोबर होतं. घाबरलो तसे हात जुन्या सवयीवर गेले होते. मी रेवाला वर घेतलं, मानेजवळची कड ओढली, मधला भाग ओढला, खालची कड ओढली, गाठ मारली, दोनदा बघितली. तिचं कपाळ माझ्या ओठांपाशी आलं. मिश्रानं दोन्ही हात आडवे पसरले. मी चालायला लागलो. रेवा हुंदके देत देत कॉलर चोखू लागली आणि डोळे उघडे ठेवून गप्प पडून राहिली. घास खाली गेले. वॉचमननं फोन खाली ठेवला.

मनाली सुट्टी संपता संपता धावत आली. हात धुतले, ताडपत्रीमागे बसून रेवाला घेतलं.

"साहेबांनी खिडकीतून पाहिलं," ती आतून म्हणाली. "म्हणाले, मॅडम, बाहेर बहुतेक तुमचं कोणीतरी आहे. मी म्हटलं, हो सर, माझे वडील आणि माझी मुलगी. हा नमुना संपवते आणि जाते."

"मग?"

"संपवला. बॅच नापास केली."

घरी जाताना विहीणबाईंचा फोन आला. "रडली का?"

"रडली."

"मग?"

"मग गप्प झाली."

"उद्या?"

"उद्या परत."

त्याला आता बरेच महिने झाले. रेवा मऊ भात खाते, वाटीनं पाणी पिते, दुपारी दूध नसलं तरी तिचं काही अडत नाही. मनालीची नोकरी टिकली. जायची गरज संपली, असं घरात ठरलंसुद्धा. तरी आम्ही जातो, कारण मधल्या काळात तिथं संतोष आला. बेटेगावचा. त्याची बायको त्याच कंपनीत पॅकिंगला. हा दुसरीकडे रात्रपाळी करतो. तिनं आपल्या बाळासाठी मनालीला विचारलं, मनालीनं तिला शिकवलं, मी त्याला शिकवलं. हात चांगला आहे त्याचा. मला एक खंत आहे की कारखान्यांत आता खलाशी कुणी शिकवून तयार करत नाही, कंत्राटावर कुणालाही साखळी धरायला उभं करतात. ती विद्या मला निदान इथं कुणाला तरी देता आली. पण पहिल्या दिवशी संतोष तोंडाला रुमाल बांधून आला. मी म्हटलं, "रुमाल काढ. लोकांना वाटेल पोर पळवून नेतोयस." तो म्हणाला, "नाना, तुमी हाव तवर ठीक हाय. एकट्याला नाय जमाचा." म्हणून मी जातो. अलीकडे एक आजीही नातवाला घेऊन येते.

गेल्या महिन्यात कंपनीनं गेटवर नवा फलक लावला. लहान मुलांना गेटच्या परिसरात आणू नये. मनालीला साहेबांनी बोलावून विचारलं, तर ती म्हणाली, "सर, गेटवर कुणी नसतं, रस्त्यावर असतात." दुसऱ्या दिवशी आम्ही टपरीपासूनही पुढे सरकलो, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. सावली कमी आहे, छत्र्या आणल्या.

परवा तो सुरक्षा अधिकारी रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. संतोषचं बाळ झोपलं होतं, आजी नातवाला भरवत होती, रेवा माझ्या पाठीवर बांधलेली, माझे केस धरून बसली होती. त्यानं आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"काका, असं किती दिवस चालणार?"

मी विचारलं, "तुमची कंपनी किती दिवस चालणार आहे?"

भोंगा झाला आणि गेटमधून बायका बाहेर यायला लागल्या.